'बाउंटी'वरचे कोण? बंडखोर, विद्रोही की फितूर?

फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नच्या नावावर १८७९ साली प्रसिद्ध झालेल्या 'ले रेव्होल्ते द ला बाउंटी' या गोष्टीच्या शीर्षकाबद्दल विचारणा आहे. 'बाउंटी' हे इंग्रज आरमाराचं जहाज. 'रेव्होल्ते'ला मराठीत बंडखोर म्हणावं, विद्रोही की फितूर? (मूळ मजकूर गाब्रिएल मार्सेल या भूगोलाच्या अभ्यासकाचा. व्हर्नने तो विकत घेऊन त्यावर हात फिरवला. असो.)

फितूर आधी बाद करू. फितुरीला पलीकडची बाजू लागते. किल्लेदार वेढा घालणाऱ्याला फितूर होतो, कोर्टात साक्षीदार फितूर होतो. २८ एप्रिल १७८९ च्या पहाटे टोंगा बेटांजवळ जहाजावरचा अधिकारी फ्लेचर ख्रिश्चन याने कप्तान ब्लायला झोपेतून उठवलं, हात बांधले आणि रात्रीच्या सदऱ्यावरच डेकवर आणलं, तेव्हा तो कुणालाही सामील झालेला नव्हता. आदल्या दिवशीचं भांडण नारळांवरून होतं. डेकवरच्या ढिगातले आपले नारळ चोरले म्हणून ब्लायने अधिकाऱ्यांना फैलावर घेतलं होतं, त्यात ख्रिश्चनही आला.

विद्रोह कोशात बसतो, पण आजच्या मराठीत तो साहित्याकडे, व्यवस्थेविरुद्धच्या विचाराकडे झुकलाय. ब्लायच्या खोलीत बंदुका घेऊन शिरलेल्यांकडे जाहीरनामा वगैरे काही नव्हता. 'उठाव'ही सुचेल, पण उठावाला माणसं लागतात. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या 'तलवार' तळावर ठिणगी पडून हजारो नौसैनिक उठले, तिथे तो शोभतो. 'बाउंटी'वर त्या दिवशी सगळे मिळून ४४. त्यातले ब्लाय धरून १९ होडीत उतरवले गेले, आणि मागे राहिलेल्या २५ जणांतही काही नाइलाजाने राहिलेले.

तेव्हा शब्द बंडच. हुकूम ज्याचा पाळायचा त्याच्यावरच उलटणं, हा अर्थ त्यात नेमका आहे. माझी तक्रार आहे ती 'खोर'बद्दल. फारसीतून आलेला हा प्रत्यय खोडीचा आहे: भांडखोर, लाचखोर, चहाडखोर. माणसाला ती सवयच असते असं तो सुचवतो. ख्रिश्चन तसा नव्हता. तो ब्लायबरोबर आधीही सफरींवर गेलेला, आणि याच सफरीत ब्लायने त्याला बढती दिलेली. शिवाय निवडणूक जवळ आली की 'बंडखोर' म्हणजे तिकीट न मिळालेला उमेदवार, हे आपल्या कानांत इतकं बसलंय की समुद्र डोळ्यांपुढे यायलाच वेळ लागतो.

फ्रेंचमध्ये 'म्यूतँ' हा शब्द होता. इंग्रजीतली 'म्यूटिनी' त्यातूनच निघाली. गंमत म्हणजे इंग्रजीत तिला फाशीची शिक्षा चिकटली आणि फ्रेंचमध्ये 'म्यूतँ' चेहरा म्हणजे खट्याळ चेहरा असाही अर्थ रूढ झाला. शीर्षकात मात्र 'रेव्होल्ते' आहे. त्याला उठलेला आणि चीड आलेला, असे दोन्ही अर्थ आहेत. 'खोर' लावला की ती चीड जाते, उरतो नुसता गुन्हा.

म्हणून मी 'बाउंटीवरचे बंडवाले' सुचवीन. 'बंडवाले' जुन्या मराठीत आढळतो आणि त्यात शिवी नाही. 'बंड' हा शब्दही तेव्हा आजच्याइतका हलका नव्हता. गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'ची ओळख '१८५७ च्या बंडाची हकीकत' अशीच आहे, आणि ही फ्रेंच गोष्ट आली त्याच १८७९ साली आपल्याकडे वासुदेव बळवंतांचं बंड चाललं होतं. १७९२ मध्ये पोर्ट्समथला झालेल्या खटल्याच्या प्रसंगात मात्र 'बंडखोर' खुशाल वापरावा. तिथे बोलतंय ते आरमार, आणि त्याला तसंच म्हणायचं होतं.

जाता जाता एक: भाषांतरात 'ब्रेडफ्रूट' किंवा, त्याहून वाईट, 'पावफळ' लिहू नका. ताहितीहून वेस्ट इंडीजला न्यायची म्हणून जहाजात कुंड्यांतून भरलेली ती हजारावर रोपं नीरफणसाची होती. कोकणात आणि गोव्यात त्याची कापं तळतात.