एसीएलच्या (गुडघ्यातल्या लिगामेंटच्या) ऑपरेशनला 11 आठवडे झाले, मांडी अजून बारीकच. ताकद कधी येईल, जॉगिंग कधी सुरू करू?

तुम्ही लिहिलंय की गुडघा 125 डिग्री वाकतो, चालताना दुखत नाही, फक्त जिना उतरताना पाय दगा देईल असं वाटतं. एक गोष्ट मात्र लिहिली नाहीत. गुडघा पूर्ण सरळ होतो का?

मला हे कुणी वेळेवर विचारलं असतं तर तीन महिने वाचले असते.

माझा उजवा गुडघा बॅडमिंटन खेळताना गेला. तुटलेल्या लिगामेंटच्या जागी हॅमस्ट्रिंगचा, म्हणजे मांडीमागच्या स्नायूच्या टेंडनचा, ग्राफ्ट घातला. दादाचं हेच ऑपरेशन माझ्याआधी चार वर्षं झालेलं, त्यामुळे घरात तज्ज्ञ तोच. रोज संध्याकाळी फोन आणि पहिला प्रश्न, "आज किती वाकला?" नव्वद म्हटलं की शंभर का नाही! मीही दिवसभर टाच मागे ओढत बसायचे आणि मग ठणकतं म्हणून रात्री गुडघ्याखाली उशी घ्यायचे. उशीची कल्पनाही त्याचीच. बरं वाटायचं, हे खरं. सुजलेल्या गुडघ्याला जरा वाकून राहायलाच आवडतं, आणि तसाच ठेवला की तो तिथेच आखडतो.

दहाव्या आठवड्यात मी 130 वर पोचले. दादाने जाहीर केलं, आता नुसती चालत राहा, मांडी आपोआप भरेल. भरली नाही.

बाराव्या आठवड्यात फिजिओ बदलली. नव्या बाईंनी गुडघा वाकवून पाहिलाच नाही. पालथं झोपवलं, गुडघ्याखालचे पाय पलंगाबाहेर, आणि नुसत्या टाचा बघितल्या. उजवी टाच डावीपेक्षा पाच-सहा सेंटिमीटर वर. एक सेंटिमीटर म्हणजे साधारण एक डिग्री, हा ढोबळ हिशेब. मग उताणं करून म्हणाल्या, "मांडी आवळा." मी आवळली, म्हणजे मला तसं वाटलं. त्यांनी माझेच हात धरून दोन्ही मांड्यांवर ठेवले. डावीकडे दगड, उजवीकडे उशी. वाटी जागची हलली नव्हती.

हा आळस नव्हे. गुडघ्यात पाणी असलं की सांध्याकडून जाणारे संदेश क्वाड्सला (मांडीच्या पुढच्या स्नायूंना) दाबून ठेवतात. स्नायू शाबूत असतो, त्याच्यापर्यंत हुकूमच नीट पोचत नाही. वीस-तीस मिलिलिटर पाणीसुद्धा वाटीच्या आतल्या बाजूच्या स्नायूला गप्प करायला पुरतं. अशी मांडी चालून चालून भरत नाही, कारण चालताना खुबा आणि दुसरा पाय तिचं काम परस्पर उरकून टाकतात.

उशी गेली. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा अधांतरी, दहा-दहा मिनिटं, दिवसातून पाच वेळा. स्टिम मशिन (विजेच्या हलक्या झटक्यांनी स्नायू आवळणारं) लावून त्याच्या जोडीने स्वतः आवळायचं. मशिन लावून मोबाइल बघत पडणाऱ्यांना काही मिळत नाही. सरळ व्हायलाच पाच आठवडे गेले. तुमचा सरळ होत नसेल आणि शेवटी पुढून काहीतरी अडल्यासारखं वाटत असेल तर सर्जनला दाखवा. कधी कधी ग्राफ्टच्या पुढे गाठ तयार होते, ती व्यायामाने हटत नाही.

मग ताकद. लेग एक्स्टेन्शन मशिनने (बसून, वजनाविरुद्ध गुडघा सरळ करायचा) ग्राफ्ट सैल होतो अशी भीती घालतात (दादाने घातलीच). सुरुवातीला 90 ते 45 डिग्रीमध्ये, हलक्या वजनाने केलं तर क्वाड्ससाठी त्याला तोड नाही, असं माझं स्पष्ट मत. नुसत्या स्क्वॉटवर विसंबू नका. आरशात माझे स्क्वॉट झकास दिसायचे, टेपने मोजलं तर मांडीच्या घेरात फरक जेमतेम दीड सेंटिमीटर. सातव्या महिन्यात एकेका पायाची ताकद मशिनवर मोजली, तर उजवा डाव्याच्या 68 टक्के!

तुमचा प्रश्न राहिलाच. जॉगिंग साधारण तीन-चार महिन्यांनी, पण गुडघा सरळ, सूज नाही, लंगडणं नाही आणि ताकद दुसऱ्या पायाच्या सत्तर टक्क्यांच्या वर असेल तरच. वळणं-उड्यांचा खेळ नऊ महिन्यांच्या आत नाही, आणि तोही नव्वद टक्के झाल्यावर. 2016 च्या डेलावेअर-ऑस्लो अभ्यासात नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितके महिने लांबवला, तितका दर महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचा दर जवळपास निम्मा झालेला दिसला. दादा सहाव्या महिन्यात मैदानात उतरला होता. "मला काय झालं?" हे त्याचं उत्तर. झालं काहीच नाही. जिना मात्र तो अजून कठडा धरून उतरतो.

हे सगळं माझ्या गुडघ्याचं. मेनिस्कसलाही (गुडघ्यातल्या कूर्चेच्या गादीलाही) टाके असतील तर वाकवण्यावर आणि वजनावर वेगळी बंधनं असतात. ग्राफ्ट वाटीखालच्या किंवा क्वाड्सच्या टेंडनचा असेल तर लेग एक्स्टेन्शन आणखी सावकाश. पोटरी सुजून दुखायला लागली किंवा ताप आला तर उत्तरं वाचत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मागच्या भेटीत मी दादाला म्हटलं, एकदा पालथा झोप, टाचा बघते. म्हणाला, आत्ताच जेवलोय.