सिंहगड रस्त्यावरील आमच्या सोसायटीच्या आपत्कालीन वॉकी-टॉकीसाठी कोणत्या बॅटऱ्या घ्याव्यात?
मुठेला पूर येऊन वीज गेली की चार्जर निरुपयोगी ठरतो. त्यामुळे केवळ संचासोबत आलेल्या लिथियम-आयन बॅटरीवर विसंबू नये. तुमच्या संचासाठी पेन्सिल सेलचा वेगळा कप्पा मिळत असेल, तर तो अवश्य घ्यावा आणि त्यासाठी एकदाच वापरायचे १.५ व्होल्टचे लिथियम सेल सीलबंद ठेवावेत, कारण ते १० वर्षांहून अधिक काळ टिकतात, सहसा गळत नाहीत आणि बोलण्याचे बटण दाबल्यावर लागणारा जास्त प्रवाह अल्कलाइन सेलपेक्षा स्थिरपणे देतात. अल्कलाइन सेल संचात घालून महिनोन्‌महिने मुळीच ठेवू नयेत. ते गळले की आतील पट्ट्या गंजतात, आणि हे नेमके गरजेच्या वेळी लक्षात येते. मूळ बॅटरी पावसाळ्यापूर्वी चार्ज करून, जिन्यातून आणि तळघरातून प्रत्यक्ष बोलून तपासावी.