साक्रीकडच्या मुरमाड पडीक दोन एकरांत चंद्रज्योत (मोगली एरंड) लावावी का?

भाऊ, तेलाच्या आशेवर लावू नका. बांधाला कुंपण म्हणून खुशाल लावा, गुरं तोंड लावत नाहीत.

बियांत साधारण तिसरा हिस्सा तेल असतं आणि त्याचं बायोडिझेल उत्तम होतं, यात वाद नाही. २०१८ मध्ये डेहराडून-दिल्ली विमान या तेलापासून केलेलं इंधन मिसळून उडालं. घोडं अडलं ते शेतात. "पाण्यावाचून, कुठंही येतं" असं सांगून ते लोकांच्या गळ्यात मारलं. झाड जगतं हो, पण फळ धरायला त्यालाही पाणी आणि खत लागतंच. एका झुबक्यात नर फुलं ढीगभर, मादी मोजकीच. शिवाय शेतात गेलं ते निवडलेलं वाण नव्हतं, रानातलंच बी होतं. जपानी शास्त्रज्ञांनी २०११ च्या सुमारास त्याचा जनुकीय आराखडा मांडला, तो चांगलं वाण घडवायला उपयोगी पडावा म्हणूनच.

औषधाचं म्हणाल तर काडी मोडली की पाझरणारा चीक आपल्याकडे हिरड्यांना, जखमेला लावतात. लहानपणी त्याचेच फुगे फुंकायचो आम्ही. चिकातल्या घटकांवर प्रयोगशाळेत काम झालंय, पण त्यावरून घरी पोटात घेण्याचं धाडस कुणी करू नये.

बी तर विषारीच. शेंगदाण्यासारखं गोडसर लागतं, म्हणून पोरं खातात आणि उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात जातात. पेंडही ढोरांना घालू नका. त्यातलं फॉर्बोल एस्टर नावाचं विष नुसतं उकळून जात नाही. खत म्हणून मात्र ती चांगली.