युरोप आणि अमेरिकेत एवढी कुरबुर चालू असताना एस्टोनिया अमेरिकेला इतका धरून का?

कारण जुनं आहे. १९४० मध्ये सोव्हिएत संघाने एस्टोनिया गिळला. २३ जुलैला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे समनर वेल्स यांनी हा कब्जा आम्हाला मान्य नाही, असं निवेदन काढलं आणि पुढची पन्नास वर्षं अमेरिकेने ते पाळलं. देश नकाशावरून पुसला गेला, पण न्यूयॉर्कमधली त्याची वकिलात मात्र चालूच राहिली! अशी गोष्ट लहान देश विसरत नाही.

शिवाय लोकसंख्या जेमतेम साडेतेरा लाख आणि शेजारी रशिया. २००४ पासून ते नाटोत आहेत. अफगाणिस्तानात त्यांचे ९ सैनिक मारले गेले, त्यामुळे अमेरिकेच्या जिवावर सुरक्षित राहणारे 'फुकटे' हा शिक्का त्यांना तरी लागत नाही. उलट संरक्षणावर जीडीपीच्या पाच टक्क्यांहून जास्त खर्च करायचं त्यांनी ठरवलंय. २०२५ मध्ये अमेरिकेची हायमार्स रॉकेटंही आली.

पण ते आंधळे नाहीत. एस्टोनियातल्या तापा इथल्या नाटो तुकडीचं नेतृत्व ब्रिटनकडे आहे, फ्रेंच सैनिकही तिथे असतात. माझ्या मते हे अमेरिकेवरचं प्रेम कमी आणि विमा जास्त आहे. हप्ता वाढला तरी ते भरतात, फक्त आता दुसरी पॉलिसीही काढून ठेवलीय.