मूळ चासी की १९३२ ची?

प्रश्न : अमेरिकेत राहतो. १९३१ च्या फोर्ड मॉडेल ए कूपेची हॉट रॉड (जुन्या गाडीत जोरदार इंजिन घालून केलेली वेगवान गाडी) करतोय, फ्लॅटहेड व्ही-८ (फोर्डचं जुनं आठ सिलिंडरचं) इंजिन बसवायचंय. मूळ चासी (गाडीचा खालचा सांगाडा) ठेवू की १९३२ च्या फोर्डची घेऊ?

उत्तर : बजेट असेल तर १९३२ ची. त्या घाटाच्या नव्या रेल्स (चासीच्या दोन लांब बाजूच्या पट्ट्या) बनवून मिळतात, गंजाची कटकट नाही. तिचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) १०६ इंच, तुमच्या गाडीचा १०३.५, म्हणून मागचं चाक कमानीच्या मधोमध ठेवा आणि फरक पुढे जाऊ द्या. बॉडीखालची चौकट मात्र कापून जुळवावी लागेल.

मूळ चासीही चालते, पण ती ४० अश्वशक्तीसाठी होती. रेल्स पातळ आणि एका बाजूने उघड्या, त्यामुळे जोर आला की पिळवटतात आणि दारं लागेनाशी होतात. उघडी बाजू ३ मिमी पत्र्याने बंद करा. त्याआधी रंग पूर्ण काढून पुढच्या क्रॉसमेंबरजवळची (दोन रेल्स जोडणाऱ्या आडव्या पट्टीजवळची) रिव्हेटची भोकं भिंगाने पाहा. केसाएवढी चीरही तिथेच सापडते.

वेल्डिंगला घाई नको. एका टोकापासून सलग वेल्ड ओढलात तर रेल केळ्यासारखी वाकते. फ्रेम (म्हणजे चासी) सपाट जिगवर (पक्क्या साच्यावर) घट्ट बांधा, दोन-दोन इंचांचे टाके मारा, एक इथे तर पुढचा दुसऱ्या रेलवर, आणि हात लावता येईल इतकं थंड होऊ द्या. मधूनमधून दोन्ही कर्ण मोजत राहा. ३ मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर तिथेच थांबा, आधी फ्रेम सरळ करा. इंजिन माउंट (इंजिन ज्यावर टेकतं ते आधार) त्यानंतरच.