डुकराच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल आणि त्याचा गुणसूत्रावरचा पत्ता

प्रश्न : मी पशुवैद्यकाची विद्यार्थिनी आहे. डुकरांच्या रक्तातल्या ग्लुकोज, कोलेस्टेरॉल, युरियाच्या प्रमाणाला जबाबदार जागा गुणसूत्रांवर शोधतात, असं वाचलं. पण हे आकडे तर खाण्यापिण्यानं दिवसभर वरखाली होतात. मग जागा सापडते कशी?

उत्तर : शंका रास्त आहे. एका डुकराच्या एका नमुन्यावरून काहीच कळत नाही. म्हणून दोन अगदी भिन्न जातींचा संकर करतात आणि त्यांची नातवंडं शेकड्यांनी तपासतात. या पिढीत आजा-आजींच्या गुणसूत्रांचे तुकडे पुरते मिसळलेले असतात. मग एकेका जागी प्रश्न विचारायचा : इथे या जातीचा तुकडा आलेल्यांचं सरासरी कोलेस्टेरॉल त्या जातीचा तुकडा आलेल्यांपेक्षा वेगळं आहे का? कोण किती जेवलं, याचा परिणाम दोन्ही गटांत सारखा वाटला जातो. जनुकाचा तसा वाटला जात नाही. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९४ साली रानडुक्कर आणि लार्ज व्हाइट ही पाळीव जात यांच्या संकरातून चरबीची जागा चौथ्या गुणसूत्रावर दाखवली, ती याच रीतीनं.

सापडलेली जागा म्हणजे जनुक नव्हे, तो लांबलचक पट्टा असतो. त्यात शेकडो जनुकं असू शकतात. शिवाय खरं कारण भलतीकडेच निघू शकतं. क्रिएटिन कायनेज हे स्नायूंमधलं विकर (एन्झाइम) घ्या. ताण सहन न होणाऱ्या डुकरांच्या रक्तात ते भरमसाठ वाढतं. दोष मात्र त्या विकराच्या जनुकात नाही. स्नायूतल्या कॅल्शियमची ये-जा सांभाळणाऱ्या, सहाव्या गुणसूत्रावरच्या जनुकात डीएनएच्या एका अक्षराचा बदल आहे. १९९१ मध्ये तो उलगडला. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं, कारण रक्तातला आकडा इथे दूरच्या बिघाडाची खबर देतो. कोलेस्टेरॉलचंही तसंच. रक्तातलं कोलेस्टेरॉल वाहणारे एलडीएल कण पेशींत ओढून घेणारं प्रथिन म्हणजे एलडीएल-ग्राहक; त्याच्या जनुकात दोष असलेल्या डुकरांचं कोलेस्टेरॉल साध्या, कमी चरबीच्या खाद्यावरही चढलेलं राहतं.

मला खरी धास्ती खाण्याची नाही, रक्त काढण्याची वाटते. वरच्या जबड्याला फास लावून धरलेलं डुक्कर किंचाळतं, धडपडतं. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक आणि ग्लुकोज वाढतात. तांबड्या पेशी फुटल्या तर पोटॅशियम आणि एलडीएच हे पेशींमधलं विकर यांचे आकडे खोटे चढतात. नमुना तसाच ठेवला तर पेशी ग्लुकोज खात राहतात. आणि एका वेताची सगळी पिल्लं एकाच दिवशी तपासली, तर वंशाचा परिणाम कुठला आणि दिवसाचा कुठला, हे वेगळं काढता येत नाही. संगणकाला ही गफलत आपोआप दिसत नाही.

तेव्हा तुम्ही नमुने घ्याल त्या वेळी शेवटच्या खाद्याची वेळ, रक्त घेणाऱ्याचं नाव, धरून ठेवायला किती वेळ लागला आणि रक्तजलाचा (सीरमचा) रंग, हे सगळं जागच्या जागी लिहा. एका वेताची पिल्लं वेगवेगळ्या दिवसांत विभागा.