साधकाच्या शक्तीला मोजमाप कसे लावावे?

प्रश्न : आम्ही पाच मित्र दर रविवारी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा प्रत्येकाने एकेक काल्पनिक पात्र वठवायचा खेळ मराठीतून खेळतो. एकाचे पात्र पोथी, मंत्र, ताईत यांपैकी काहीही न वापरता निव्वळ अंतःशक्तीने चमत्कार करते. त्याच्याकडून हिरावून घेण्यासारखे काहीच नसल्यामुळे इतरांची पात्रे फिकी पडतात. खेळ चालवणारा म्हणून मी काय करावे?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : ही अडचण जवळजवळ खेळाइतकीच जुनी आहे. खेळ १९७४ मध्ये आला आणि १९७६ च्या पुरवणीतच मनःशक्तीचे नियम आले. जादूगाराची पोथी चोरीला जाऊ शकते. तुमच्या मित्राच्या पात्रासारख्या साधकाचे भांडार मात्र त्याच्या देहातच असते, म्हणून त्याची किंमतही देहातून आणि चित्तातूनच वसूल झाली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीतील ‘मंक’, म्हणजे अंतःशक्तीवर लढणारा साधक, हा पात्रप्रकार पाहा. दुसऱ्या पातळीपासून त्याला पातळीइतके ‘की’ (अंतःशक्तीचे) गुण मिळतात. ते खर्चले की लहान विश्रांतीत भरून येतात, पण त्यातला खेळातल्या वेळेचा निदान अर्धा तास ध्यानात जावा लागतो. हा अर्धा तास आपण सहजासहजी देऊ नका. शत्रू मागावर असताना तो मिळवून देणे हे इतर चौघांचे काम होऊ द्या, म्हणजे त्यांनाही महत्त्व येईल. गुण कागदावर लिहिण्याऐवजी साधकासमोर वाटीत चिंचोके ठेवा. प्रत्येक प्रयोगाला एक उचलला की वाटीचा तळ सगळ्यांनाच दिसू लागतो.

शक्तीच्या रूपासाठी दूर जायला नको. आपल्या सीमाभागात नाथांच्या आणि शरणांच्या (लिंगायत संतांच्या) कथा शेजारीशेजारी नांदतात. शरण अल्लमप्रभूंनी नाथपंथी गोरक्षनाथांवर तलवार चालवली तेव्हा ती वज्रदेहावर खणखणली. गोरक्षांनी प्रभूंवर चालवली तेव्हा ती पोकळीतून जावी तशी आरपार गेली, अशी शरण परंपरेतील कथा आहे. हे दोन स्वतंत्र साधनामार्ग माना आणि मित्राला एकच निवडायला सांगा. वज्रदेह धारण केलेल्यावर घाव चालणार नाही, पण तोवर त्याला पाऊलही उचलता येणार नाही. शून्य झालेल्याच्या अंगातून शस्त्र निघून जाईल, पण कड्यावरून घसरणाऱ्या सोबत्याचा हातही त्याच्या मुठीत टिकणार नाही.